इटलीवालीचं कपाळ

लग्न होऊन कुंदाताई जबलपूरला आल्या, तेव्हा घरात एक सवत आधीपासून नांदते आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. लाल रंगाची, ठेंगणी, रुंद अंगाची, आणि थेट इटलीची! मदन महल स्टेशनच्या मागच्या गल्लीतल्या त्या घरात सगळ्या माणसांना मिळून खोल्या तीन, आणि हिला एकटीला एक.

त्याचं असं झालं होतं. सासरे भय्यासाहेब वकील. त्यांच्या एका मालगुजार अशिलाचा मुलगा परदेशात शिकायला गेला आणि येताना बोटीतून ही दोन माणसांची, वाऱ्यासारखी पळणारी मोटार घेऊन आला. पुढे त्याचं जबलपुरात मन रमेना. तो कायमचा निघून गेला आणि जाताना वकिलांच्या फीबद्दल ही बया दारात उभी करून गेला. भय्यासाहेबांनी कपाळाला हात लावला. तेव्हा तिला विचारणारं कुत्रंसुद्धा नव्हतं. त्यांचे चिरंजीव श्रीपादराव मात्र तिच्यावर असे भाळले की विचारू नका.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ते नव्या नवरीला म्हणाले होते, "एक दिवस तुला हिच्यात बसवून तिलवारा घाटावर नेतो. नर्मदामाईचं दर्शन करून येऊ." कुंदाताईंनी त्या दिवसासाठी मोरपंखी साडी बाजूला काढून ठेवली. मुलगी झाली, लतिका. ती शिकली, बंगलोरला नोकरीला लागली, तिचंही लग्न झालं. साडी आपली बाजूलाच.

आडवं आलं ते गाडीचं नशीब. कुठूनसं कळलं की अशा गाड्या जगात मोजक्याच बनल्या आणि त्यातल्याही बऱ्याचशा मालकांनी कुठे ना कुठे आपटून टाकल्या. झालं! भाव चढायला लागला. स्कूटरच्या किमतीत कोणी घेत नव्हतं ती घराच्या किमतीला गेली, मग बंगल्याच्या, आणि आता म्हणे अडीच कोटी. भाव जसजसा चढला तसतसा श्रीपादरावांचा धाक वाढला. गाडी रस्त्यावर काढायची नाही, कारण मीटर पुढे सरकला की भाव खाली. आत बसायचं नाही, कारण मूळच्या कातड्याला सुरकुती पडते. हात लावायचा नाही, कारण रंग मूळचा आहे. दर रविवारी ते स्वतः हात धुऊन, पुसून आत जात, इंजिन सुरू करत, गाडी हातभर पुढे, हातभर मागे घेत, आणि खोळ घालून बाहेर येत.

आणि खर्च? अहो, खर्चाचं नाव काढू नका! दमट हवेनं कातडं खराब होतं म्हणून गाडीच्या खोलीला एसी लागला. मे महिन्यात नवराबायको खिडकी उघडी टाकून कूलरसमोर पडत आणि भिंतीपलीकडे इटलीवाली गारेगार झोपत असे. एकदा एक वीतभर रबरी नळी इटलीहून मागवली, तर तेवढ्यात कुंदाताईंची काशीयात्रा झाली असती. कांचघर मोहल्ल्यातला शालिग्राम मिस्त्री म्हणायचा, "बाबूजी, ऐसी नली तो पाटन में ट्रॅक्टरवाले के यहाँ मिल जाएगी." त्यावर श्रीपादराव असे बघत की बिचारा चहा अर्धा टाकून उठे. "मूळची नळी काढली की भाव पडला," एवढंच ते म्हणत. वीज मंडळातून रिटायर झालेल्या माणसाचं पेन्शन ते केवढं! पण खर्च केला की ते समजावत, "अगं, आपण करोडपती आहोत."

"हो ना जी," कुंदाताई म्हणत. "करोडपतीण बाई आता रेशनच्या रांगेत जाऊन राहिली."

जबलपूरजवळच्या त्याच पाटनला कुंदाताईंची थोरली बहीण पुष्पा. कुंदाताई बसमधून उतरल्या की ती दारातूनच ओरडायची, "काहून गं, गाडी वाटेत बंद पडली का?" वर्षानुवर्षं तोच एक टोमणा, आणि वर्षानुवर्षं तो तितकाच झोंबायचा.

या वर्षी मात्र पाणी गळ्याशी आलं. चारही टायर, पेट्रोलची टाकी आणि इंजिनातली सगळी रबरं एकदमच बदलायला झाली. इटलीहून अंदाज आला तो वाचून श्रीपादराव दोन दिवस जेवले नाहीत. लतिकानं फोनवर निक्षून सांगितलं, "बाबा, बहुत हो गया. विकून टाका." शेवटी दसरा झाल्यावर पुण्याचे एक गृहस्थ गाडी बघायला येणार असं ठरलं. नीलकंठ ओगले त्यांचं नाव. परदेशातल्या शौकिनांसाठी ते जुन्या गाड्या शोधत हिंडत.

आदल्या संध्याकाळी कुंदाताई नवऱ्यापुढे येऊन बसल्या. "चालली ना ती आता? मग जायच्या आधी मला एकदा बसवा. तिलवाऱ्यापर्यंत. दुसरं काही मागत नाही."

श्रीपादरावांचा चेहरा पडला. "कुंदा, मी त्यांना मीटरचा फोटो पाठवलाय. आता एक चाकही फिरवता येत नाही."

कुंदाताई उठल्या. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी उद्याच्या पाहुण्यांसाठी चिवडा करायला घेतला आणि फोडणीचा धूर लागला म्हणून डोळे पुसले. फोडणी अजून व्हायची होती, ती गोष्ट वेगळी. त्यांना फार वाईट वाटलं. गाडीपायी नव्हे, नव्या नवरीला दिलेल्या त्या एका शब्दापायी.

ओगले सकाळी आले. कडक इस्त्रीचे, मोजकं बोलणारे, पुणेरी. मुलगी बघायला आल्यासारखे ते आधी कोचावर बसले, चिवडा खाल्ला, चहा घेतला, घराण्याची चौकशी केली आणि मग म्हणाले, "बघूया का?" श्रीपादरावांनी खोळ काढली. ओगल्यांनी आ वासला. "वा! रंग अगदी कंपनीतला दिसतोय. एकदाही हात फिरलेला नाही. हीच तर खरी किंमत आहे, साहेब!"

मग त्यांनी खिशातून बॅटरी काढली आणि पुढच्या झाकणाजवळ खाली बसून तिचा झोत तिरका टाकला. मग त्यांनी मान वर केली.

"हे काय आहे?"

श्रीपादराव वाकले. लाल रंगात, अगदी मधोमध, फिकट पण स्वच्छ असं एक स्वस्तिक उमटलेलं होतं. नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही, पण तिरक्या उजेडात लख्ख.

"हे कोणी केलं?" श्रीपादराव पुटपुटले.

"मी," कुंदाताई दारातून म्हणाल्या. आवाज नको तितका मोठा लागला.

गोष्ट अशी होती. खंडेनवमीला घरात शस्त्रांची, अवजारांची पूजा व्हायची. शिवणयंत्राला हळदकुंकू, विळीला हळदकुंकू, श्रीपादरावांच्या सायकलीला झेंडूची माळ. इटलीवालीला मात्र हात लावायची बंदी. तिचा हार भिंतीवरच्या खिळ्याला. दुसऱ्या दिवशी श्रीपादराव सोनं वाटायला बाहेर पडले की कुंदाताई हळूच खोळ उचलत, ओल्या हळदकुंकवाचं छोटंसं स्वस्तिक रेखत, नमस्कार करत आणि संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसून टाकत. पुसलं की गेलं, असं त्यांना वाटे. पण हळद ती हळद आणि कुंकवात चुना. दर वर्षी तेच बोट, तीच जागा. रंगानं ते सगळं पिऊन टाकलं होतं.

ओगल्यांनी उसासा सोडला. "फार वाईट झालं. डाग ठेवला तर किंमत निम्मी. नवा रंग दिला तर त्याहूनही कमी, कारण मग मूळ रंगच राहिला नाही. मी फोटो पाठवून आमच्या गिऱ्हाइकाशी बोलून बघतो." बशीत उरलेला चिवडा मात्र त्यांनी कागदात बांधून मागून घेतला आणि हॉटेलवर गेले.

श्रीपादराव गाडीशेजारच्या स्टुलावर बसले होते. कुंदाताई दाराशी उभ्या. सव्वा कोटी रुपये आपण बोटानं पुसले, हे त्यांच्या डोक्यात नीट शिरतच नव्हतं. आता हे ओरडतील, मग रडतील, मग दोन दिवस जेवणार नाहीत. आपणच केलंय, ऐकून घ्यायचं, असं त्यांनी मनाशी धरलं.

"दर वर्षी?" श्रीपादरावांनी विचारलं.

"दर वर्षी."

"काहून पण?"

"अहो, सवत असली म्हणून काय झालं? घरातली बाईच ना ती! सणाच्या दिवशी कोरं कपाळ मला बघवत नाही."

श्रीपादराव बायकोकडे वळले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. कुंदाताईंना वाटलं, सुरू झालं रडं. पुढे होऊन बघतात तर हा माणूस हसून राहिलाय! पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"जन्मभर मी उंदरांना भ्यालो, पाहुण्यांच्या पोरांना भ्यालो, शालिग्रामच्या चहाला भ्यालो," ते म्हणाले. "आणि डाग कुठून आला, तर देवघरातून! चलो, सुटलो बुवा." ते उठले आणि किल्ली घेऊन वळले. "ती मोरपंखी साडी आहे का अजून?"

कुंदाताई अशा धावल्या की माजघरातलं चिवड्याचं पातेलं कलंडलं.

आत बसणं काही सोपं नव्हतं. पाय आधी घालावेत की डोकं, हेच कळेना. बसल्यावर तर थेट जमिनीवर चटई टाकून बसल्यासारखं वाटलं. मागे इंजिन डरकाळलं आणि कुंदाताईंनी "अगं बाई!" म्हणून नवऱ्याचा दंड पकडला. गल्लीतली झाडून सगळी माणसं बाहेर आली. समोरच्या भानुमतीबाई कणकेच्या हातांनी फाटकापर्यंत धावल्या. "कुंदाजी, कुठे?"

"तिलवाऱ्याला!" कुंदाताईंनी ओरडून सांगितलं. भानुमतीबाईंना ते ऐकू गेलं नसावं म्हणून पुन्हा ओरडून सांगितलं.

गढ्याच्या बाजारात सगळं जग त्यांना गुडघ्यांच्या उंचीवरून दिसलं. ट्रकची चाकं, म्हशींची पोटं, भाजीवालीच्या पायातली जोडवी. पहिल्या गतिरोधकावर गाडीचं पोट खर्रकन घासलं आणि श्रीपादरावांच्या तोंडून "आई गं" निघालं. दुसऱ्यावर ते नुसतेच दचकले. तिसऱ्यावर दोघंही हसत होते. मोकळा रस्ता लागला तसा त्यांनी पाय जरा दाबला आणि कुंदाताईंचा पदर फडफडत नवऱ्याच्या तोंडावर गेला. या म्हाताऱ्याला पंचविशीत हिच्यात बसलेला बघायला हवा होता, असं त्यांना वाटलं, आणि त्या खिडकीतून हात बाहेर काढून बसल्या.

घाटावर दर्शन झालं. मग दोघं गाडीला टेकून द्रोणातले गरमागरम मंगोडे खात उभी राहिली. मुगाच्या डाळीचे, तेल निथळणारे, वर हिरवी चटणी. तेवढ्यात फोन वाजला. श्रीपादरावांचे हात तेलकट, म्हणून त्यांनी कोपरानं कसाबसा तो गाडीच्या पुढच्या झाकणावर सरकवला आणि करंगळीनं स्पीकर लावला.

"अहो, आनंदाची बातमी!" ओगले चक्क उतावळे झाले होते. "फोटो बघून आमचं गिऱ्हाईक वेडं झालंय. असा पूजेचा ठसा असलेली गाडी जगात दुसरी नाही म्हणतात. पूर्ण किंमत, वर आणखी पंचवीस लाख! फक्त एक अट. आत्तापासून गाडी जागची हलवायची नाही आणि कोणी हात लावायचा नाही. गाडी खोलीतच आहे ना?"

दोघं झटकन गाडीपासून दूर झाली.

कुंदाताईंच्या डोळ्यांसमोर बरंच काही आलं. निजायच्या खोलीत एसी, काशी, लतिकाचं घराचं कर्ज. त्यांनी हळूच म्हटलं, "देऊन टाका. माझं झालं आता. बसले मी. खरंच, अगदी मनापासून सांगते."

श्रीपादरावांनी द्रोणातला शेवटचा मंगोडा तोंडात टाकला. मग दार उघडून आत वाकले आणि ज्याला चाळीस वर्षं हात धुऊन, पुसून शिवले होते त्या मूळच्या कातड्याच्या स्टिअरिंगवर दोन्ही तेलकट तळवे ऐसपैस फिरवले.

"अहो, हात!" कुंदाताई किंचाळल्या.

"ओगलेसाहेब," श्रीपादराव फोनकडे तोंड करून म्हणाले, "गिऱ्हाइकाला सांगा, भाव परत पडला." आणि त्यांनी नाकाच्या शेंड्यानं फोन बंद केला.

कुंदाताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "वेड लागलं का तुम्हाला? आणि ते टायर, ती टाकी, त्या नळ्या, ते सगळं आता कुठून आणणार?"

"भाव सांभाळायचा असला तर इटलीहून. नुसती चालवायची तर शालिग्राम सांगून राहिला ना, पाटनला ट्रॅक्टरवाल्याकडे मिळते नळी." ते आत बसले, शेजारच्या सीटवर थाप मारली आणि तिथेही तेलाची पाच बोटं उमटली. "बस लवकर. नळी घेऊ, आणि वाटेत तुझ्या पुष्पाताईच्या दारात जरा हॉर्न वाजवू."