चपलांच्या शेजारची खुर्ची

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. मित्रांनो, माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. तापलेल्या लोखंडाचा वास तेवढा आठवतो. पुढचे सगळे आयुष्य गोव्याच्या पेडण्यातल्या पार्से गावात, माझ्या सुविधाबरोबर गेले. ती रोज तुयेच्या कारखान्यात औषधांची पाकिटे तपासायला जाते. वाटेत माझे चाक दगडाला अडले की मला चार शब्द सुनावते आणि पुढे रेटते. तिच्या तळहातांना माझ्यामुळे घट्टे पडले आहेत, हे मी अभिमानाने सांगते.

एकच दुःख होते. जत्रेला देवळाच्या मंडपात नाटक होई. पायऱ्यांवरून सुविधाला दोघे उचलून नेत आणि मला खाली चपलांच्या शेजारी सोडत. मोठी झाल्यावर तिने उचलून घेणे बंद केले. मग आम्ही दोघी चपलांपाशी बसून नुसते संवाद ऐकायचो. पायऱ्यांच्या बाजूला उतार बांधा, असे ती दर जत्रेला सांगायची. "बघूया," म्हणत लोक नाटकाच्या तयारीला लागायचे.

गेल्या वर्षी टीव्हीवरच्या एका मालिकेचे चित्रीकरण गावात आले. नायिकेसाठी आणलेली खुर्ची फारच नवी दिसत होती, म्हणून दिग्दर्शक मला मागायला आले.

सुविधाने विचारले, "शेवटाक ती उठान चलता काय?"

"हो तर. तिला देव पावतो. मग ती खुर्ची रस्त्याच्या उतारावरून ढकलून देते."

"ढकलू नकात. सोमवारी माका कामार जावचा आसा."

ते हसले, पण त्यांनी शब्द दिला.

नायिका गौरवी स्वभावाने गोड होती. पण माझ्यात बसली आणि तिच्या गुडघ्यांवर शाल आली, मान कलली, हात मांडीवर निपचित पडले. मला तिने स्वतः ढकलायचेच नव्हते. मागून दुसऱ्याने ढकलायचे आणि तिने आभाळाकडे बघायचे. बाकावर बसलेली सुविधा हे बघत होती. "माजा तोंड असा आसता काय गो?" तिने मला विचारले. मला फार राग आला. आम्ही एवढे रस्ते तुडवले, ते या लोकांना दिसलेच नव्हते.

शेवटच्या प्रसंगात गावाने पायऱ्यांखाली जमून नायिकेसाठी गाऱ्हाणे घालायचे होते. गाऱ्हाणे म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे मोठ्याने मांडलेले मागणे. आमच्याकडे ते म्हातारे बाबाजी घालतात. "हिच्या पायांत बळ दे," हे वाक्य त्यांच्याकडून पाठ करून घेतले होते. कॅमेरा सुरू झाला. बाबाजींनी हात जोडले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. दर जत्रेला ते मला तिथेच बघत आले होते. मग ते मालिका विसरले.

"बा देवा म्हाराजा, ही खुर्ची इतकी वर्सा तुझ्या पायऱ्यांखाली व्हाणांच्या शेजाराक रवता. आमच्या सुविधाक हिच्यासकट वर येवक वाट करून दी. आमच्या हातांसून ता काम करून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळा गाव सवयीने एका आवाजात बोलला.

दिग्दर्शकांनी थांबवले. "बाबाजी, वाक्य चुकलं. परत घेऊया."

बाबाजी ओशाळले. "चुकलंय खरा. पण देवाकडे घातलेला गाऱ्हाणा परत कसा घालू? गाव व्हय म्हणालो."

मालिकेत ते वाक्य आले नाही. तिथे सनई वाजली, गौरवी उठली आणि घरोघरी लोकांनी डोळे पुसले. मी मात्र मागे एकटीच दिसत राहिले.

पण गाव शब्दात अडकला होता. देवापुढे 'व्हय' म्हटल्यावर आता 'बघूया' म्हणता येईना. जत्रेआधी चिरे आले, उतार बांधून झाला. सुविधाने स्वतःच्या हातांनी मला वर रेटले. चपला खालीच राहिल्या.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या मालिका लिहील, कोणी चित्रपट काढील. माझ्यात बसलेल्या माणसाला शेवटी उठवायची घाई करू नका. त्याला कामावर जाऊ द्या, भांडू द्या, नाटक बघू द्या. आणि माझ्या चाकांना तेवढे तेल घाला. मंडपात शिरताना ती करकरली की लोक वळून बघत राहतात, आणि सुविधाला म्हणावे लागते, "माका कित्याक बघतास? नाटक थय चलला."