खिळ्याला टेकलेलं पाणी

थेम्स नदीवर राजाचा हुकूम चालत असेल तर असेल. मडलिंगच्या बंधाऱ्यावर मात्र गिरणीवाल्या ओबाडाया ग्रिमचाच चाले. बंधाऱ्याचं दार उघडलं की होड्या लोंढ्याबरोबर खाली निसटत, पण गिरणीचं पाणीही त्यांच्यासोबत जाई आणि चाक दिवसभर गप्प. म्हणून रिवाज असा, की खांबावरच्या खिळ्याला पाणी टेकलं तरच होडीसाठी दार उघडायचं. ओबाडाया दळण थांबवीतच नसे. मग पाणी टेकणार कसं?

केझिया बन्स तीन दिवस वरच्या अंगाला अडकली होती. होडीत चेरीच्या टोपल्या, डोक्यावर जूनचं ऊन. नवऱ्यामागं होडी चालवायची तिची ही पहिलीच खेप. माल नासला असता तर कुठला व्यापारी पुन्हा बाईच्या होडीत टोपली ठेवणार होता?

"गिरणीवाले, अर्धा दिवस थांबवा की चाक."

"खिळा बघ, बाई. मी काय नदीला शिंगं धरून ओढून आणू?"

नाकदुऱ्या काढून झाल्या. चौथ्या दिवशी सकाळी केझिया भट्टीवालीकडं पाव घ्यायला गेली आणि सहज म्हणाली, "काय हो, तुमच्या दाताखाली काही कचकचतं का हल्ली?"

बस्, एवढंच. खोटं ती एक अक्षर बोलली नाही. दुपारपर्यंत गावात निम्म्या लोकांचे दात कचकचले, पाद्रीबुवांची तर दाढ हलली. पिठात जात्याचे खडे येतात म्हणून बायका दळणाच्या गोण्या परत न्यायला गिरणीच्या दारात उभ्या राहिल्या.

ओबाडायाच्या तोंडचं पाणी पळालं. "माझ्या पिठात खडे? थांबा, तुमच्यासमोर जात्याला टाकी लावतो!"

त्यानं चाक थांबवलं, जात्याची वरची तळी उलटी केली आणि छिन्नीनं दगडाच्या खाचा नव्यानं पाडत बसला. गाव राखणीला बसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी टाकी लावून झाली, तेव्हा दारात केझिया उभी होती.

"पाणी खिळ्याला टेकलंय, गिरणीवाले."

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? त्यानं दातओठ खात दार उघडलं. लोंढा सुटला, होडी सुटली. नव्यानं टाकी लावलेलं जातं पाण्यावाचून थांबूनच राहिलं. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"ए बाई!" तो काठानं धावत ओरडला. "माझ्या पिठात खडे लागले तरी कुणाला?"

केझियानं पावाचा मोठा तुकडा मोडून तोंडात टाकला.

"मला तर नाही बाई. चार दिवस तुमच्याच पिठाचा पाव खातेय. मऊसूत आहे."