तातयच्या नावावरचं खातं

माझी नणंद मारिव्हिक तैवानला कारखान्यात गेली, तेव्हा तिच्या पगारासाठी इथे खातं उघडलं ते सासऱ्यांच्या नावावर. पोरगी परदेशात, दर वेळी सही करायला कोण येणार? आमच्या किनाऱ्यावर असंच करतात. पैसे तिचे, नाव बापाचं, म्हणजे तातयचं, आणि कार्ड माझ्या नवऱ्याकडे, रोहेलकडे. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग एका पहाटे सासरे झोपेतच गेले.

रोहेलनं थोरल्या बहिणीला, त्याच्या मानांगला, फोन लावला. ती ओक्साबोक्शी रडली, मग नाक पुसून धाकट्या भावाला म्हणाली, "तोतो, कुणाला सांगितलंस?"

"अजून नाही, मानांग."

"सांगूच नकोस. बँकेला कळलं की खातं बंद करतील. मग वारसाचे कागद, वकील, हेलपाटे. माझी सगळी जवानी आहे रे त्यात! एटीएम दिवसाला देईल तेवढं काढत राहा. खातं रिकामं झालं की तातयना गावासमोर ठेवू."

मला तिची चीड आली. पण चिडायला माझं काय जातंय? रात्रपाळ्या तिनं केल्या होत्या.

आमच्यात मेलेल्या माणसाला एकटं ठेवत नाहीत. पेटी पुढच्या खोलीत, दारं सताड उघडी, गाव रात्रभर पत्ते कुटत, कॉफी पीत सोबतीला बसतो. सासऱ्यांना मात्र आम्ही मागच्या खोलीत, खिडक्या लावून, मासळीच्या बर्फावर ठेवलं. सासूबाई तोंडात रुमाल कोंबून शेजारी बसल्या. बघवत नव्हतं.

शेजारची तिया कोरिंग कुंपणावरून ओरडली, "काय गं, होडी तर वाळूवर पडलीय, मग एवढा बर्फ कुणाला? म्हातारबुवांच्या दारूत घालता की काय?"

"ताप आहे त्यांना. झोपलेत."

"मग पेज आणते गरम गरम."

"नको! लागण होईल."

ती पुटपुटत गेली. दुसऱ्या दिवशी रोहेलनं पुन्हा फोन लावला, या वेळी व्हिडिओवर. "मानांग, वास यायला लागलाय."

"थोडेच पैसे राहिलेत रे. अजून एक दिवस. तातय असते तर नाही म्हणाले असते का?"

सासूबाईंनी ते ऐकलं. उठल्या, खिडकी धाडकन उघडली आणि छाती पिटत हंबरडा फोडला. तिया कोरिंग धावत आली, तिच्यामागून सगळी गल्ली.

फोन चालूच होता. "गप्प करा तिला!" मारिव्हिक किंचाळली, मग आईलाच विनवू लागली. "नानाय, हात जोडते, एकच दिवस!"

सासूबाईंनी रोहेलच्या हातातून फोन घेतला. मला वाटलं, आता शिव्या घालतील. त्यांनी तो सासऱ्यांच्या काळवंडलेल्या चेहऱ्यासमोर धरला.

"तुझा बाप आहे हा," त्या म्हणाल्या. "रडून घे."

पलीकडे बराच वेळ नुसते हुंदके. मग बारीक आवाजात तिनं विचारलं, "तोतो, आजचे काढलेस का रे?"

ती रडत रडतच विचारत होती. पण दारात जमलेल्या लोकांनी तेवढा प्रश्नच ऐकला.