चार पांढरी पिठं

चूक माझीच. मार्करची शाई स्पिरिटने जाते हे एकोणीस वर्षं प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या बाईला ठाऊक नसावं? पण परीक्षक येणार म्हणून मला चेव चढला. चारही बाटल्या लख्ख पुसल्या आणि त्यांच्यावरची नावंही पुसून बसले.

आत पिठं होती: बटाटा, रताळं, साबुदाण्याचा कसावा आणि अळूचा कंद. बटाटा म्हणजे फुगलेलं खोड, रताळं म्हणजे फुगलेलं मूळ. पण वाळवून दळल्यावर सगळी सारखीच पांढरी. संशोधक पोरीची वर्षभराची मेहनत त्या बाटल्यांत होती. दोन वाजता तोंडी परीक्षा. कुठल्या बाटलीत काय हे सांगता आलं नाही, तर सगळं मुसळ केरात!

"मावशी, चाखून बघू का?" पोर रडकुंडीला आली होती.

"खबरदार! कच्च्या कसाव्यात विष असतं. डोळे पूस आणि काचपट्ट्या काढ."

रोज तिच्या खांद्यावरून डोकावत होते, ते काय उगाच? सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पहिल्या पिठाचे कण मोठे, लांबट, अंगावर शिंपल्यासारख्या रेघा. बटाटा! तिसऱ्याचे कण अगदी बारीक आणि मधेमधे सुयांसारखे स्फटिक. याच सुयांनी घसा खाजतो. अळू! उरलेली दोन मात्र जुळ्या बहिणी. दोन्हींचे कण गोल, एका बाजूने कापल्यासारखे.

दीड वाजला.

"रताळं आणि कसावा, साखर जास्त कुणात गं?" मी विचारलं.

"रताळ्यात." ती थबकली. "मावशी! बेनेडिक्टचं द्रावण! साखर असली की लाल होतं!"

दोन्ही पिठं पाण्यात कालवून गाळली, निळं द्रावण घातलं आणि नळ्या उकळत्या पाण्यात धरल्या. एक निळीच राहिली. दुसरी हिरवी झाली, पिवळी झाली, मग विटेसारखी लाल झाली. मी आनंदाने एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतले सर धावत आले. मागोमाग परीक्षकबाई.

"नावं कुणी पुसली?" सरांनी कपाळाला हात लावला.

"मी," मी म्हटलं.

"आणि ओळखली कुणी?" परीक्षकबाईंनी विचारलं.

"यांनीच," पोर ठणकावून म्हणाली.

बाईंनी चारही काचपट्ट्या पाहिल्या, दोन्ही नळ्या उजेडात धरल्या. घाई म्हणून नाही! शेवटी मान डोलावली.

"सगळं बरोबर आहे."

मग त्यांनी नोंदवही माझ्यापुढे सरकवली आणि 'तपासणी करणार' या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे आजवर पदवीवाल्यांच्याच सह्या. मी पदराला हात पुसले आणि माझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, रकान्याबाहेर जाईल एवढं मोठं.