चौथी पुडी

कॉस्टिक सोड्याचा डबा रिकामा होता. मी तो उलटा करून आपटला, पण त्यात असायला हवी होती ती पुडी काही निघाली नाही.

आमच्या साबणाच्या खोलीत कॉस्टिक फक्त सासूबाई तोलतात. सोमवारी चार पुड्या बांधायच्या, एका घाण्याला एक पुडी टाकायची. डब्यात डोकावलं की किती घाणे झाले ते कळतं, लिहायची भानगड नाही. महिन्यापूर्वीच्या त्या आठवड्यात तीनच घाणे झाले. तिसऱ्याच्या वेळी मी पाण्यात पुडी सोडली आणि दवाखान्यातून फोन आला, नणंदेला मुलगी झाली. मी तशीच बाहेर धावले. परत आले तर सासूबाई पातेल्याशी उभ्या, आणि त्यांच्या हातात कात्री. त्यानंतर बाळंतपणाच्या धावपळीत खोलीला कुलूप लागलं, ते आज उघडलं.

घाणे तीन, पुड्या गेल्या चार. म्हणजे मी टाकलेल्यावर त्यांनीही एक टाकली.

मी रसायनशास्त्राची पदवीधर, मला कोणी घाबरवायची गरज नाही. कॉस्टिक कातडी जाळतो, तेल नुसतं चिकट. दोघांची नीट मापात गाठ पडली की अणू तेच राहतात, फक्त नव्याने जोडले जातात. मग ना तेल उरतं ना कॉस्टिक, उरतो तो साबण. ते संयुग, तांदळातून खडे निवडावेत तसं त्यातून काही निवडून काढता येत नाही. पण कॉस्टिक दुप्पट पडला, तर अर्ध्याला जोडीला तेलच मिळत नाही. तो वडीत मोकळाच बसून राहतो आणि जे हाती लागेल ते जाळतो. घरात वाळत ठेवलेल्या त्या तिसऱ्या घाण्याच्या वड्यांवर पांढरी भुकटीही आली होती. हवेने येते कधी कधी, म्हणून मी ती शहाण्यासारखी पुसून टाकली होती.

आणि त्याच वड्या काल सासूबाई नणंदेच्या पिटुकलीसाठी घेऊन गेल्या होत्या. रोज सकाळी लेकीकडे जाऊन नातीला आंघोळ त्याच घालतात.

फोन केला, कोणी उचलेना. मी पायात येईल ते घालून पळत सुटले. दोन गल्ल्या, तीन जिने. नणंदेने दार उघडताच तिला बाजूला सारून मी न्हाणीघरात घुसले. सासूबाई पाटावर बसलेल्या, पायांवर पिटुकली, अंगभर फेस. मी त्यांच्या हातातली वडी हिसकावली आणि जीभ लावली. साबणवाल्यांची ही जुनी परीक्षा आहे, कॉस्टिक मोकळा असेल तर जिभेला सणकन चटका बसतो.

काही नाही. नुसता साबण. मी पुन्हा चाटली.

"वहिनी!" नणंद मागून ओरडली.

"सकाळपासून काही खाल्लं नाहीस का गं?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, चौथी पुडी कुठाय?"

"मोरीत."

"मोरीत?"

"तू पळालीस, तेव्हा मला कळेना तू टाकलीस की नाही. मी पुडी कापली, मग पातेल्याला हात लावला. चांगलं गरम. कॉस्टिक पडल्याशिवाय पाणी आपोआप तापतं का? म्हटलं, पडलीय. आता कापलेली पुडी ठेवून काय करू, ती हवेतलं पाणी ओढून चिकचिकते. मोरी तुंबलीच होती, दिली ओतून."

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. पातेलं गरम होतं! हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, आणि जीव घाबरा झाल्यावर ऐन वेळी मला ते सुचलं नाही. मला रडू आलं, हसूही आलं, आणि दोन्ही थांबेनात.

"मग मला सांगायचं तरी!"

"तू विचारलंस कुठे? नात झाली त्या दिवशी, पुडीचं कोण सांगत बसतं?"

त्यांनी पिटुकलीवर पाणी ओतलं. फेस वाहून गेला. मी जवळ सरकून पाहिलं, मान, काखा, मांड्यांच्या वळ्या, बोटांच्या बेचक्या. कुठे एक लाल ठिपका नव्हता. तिने मला पाहून जांभई दिली.

"आई, भुकटी होती हो त्यावर, मी ती नुसती पुसून टाकली. मला वाटलं मीच हिला..."

सासूबाईंनी पिटुकलीला पंच्यात गुंडाळलं आणि उठल्या.

"तू हिला काही होऊ देशील, असं माझ्या मनात तरी येईल का?" त्या म्हणाल्या, आणि तिला माझ्या हातात दिलं.