काठवटीबाहेर राहिलेले हात

मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे. जुनी म्हटल्यावर लगेच नाकं मुरडू नका. अक्रोडाच्या एका अख्ख्या खोडातून मला कोरून काढलं आहे. अंगाला सांधा नाही, खिळा नाही, डिंक नाही. दुकानाबाहेर दोरीला टांगलेल्या प्लास्टिकच्या घमेल्यांत माझी गणती करणार असाल, तर पुढचं वाचूच नका.

किल्किसजवळच्या एका खेड्यात लाझारोसने मला कोरलं. तो काळ्या समुद्रापलीकडून हाकलून दिलेल्यांपैकी. अंगावरचे कपडे आणि काखेत एक लिरा, गजाने वाजवायचं तारांचं वाद्य, एवढंच घेऊन आला होता. घराला दार बसवायच्या आधी त्याने मला पुरी केली, कारण बायको म्हणाली होती, दार नसलं तर गोधडी टांगू, पण पीठ काय मांडीवर मळू? बाईचं डोकं ठिकाणावर होतं. नंतरच्या पिढ्यांबद्दल मी तसं म्हणणार नाही.

तिच्यानंतर मी सुनेकडे, पार्थेनाकडे आले. पार्थेना म्हणजे माझं वैभव. आठवडाभर घरचा पाव, आणि शनिवारी चर्चचा. चर्चचा पाव म्हणजे दोन थरांचा, वर अक्षरांचा लाकडी ठसा दाबलेला. रविवारी पाद्रीबाबा त्याचा मधला भाग कापून वेदीवर ठेवतात आणि उरलेल्यातून एकेका नावाचा कण काढतात, जिवंतांचाही आणि मेलेल्यांचाही. तेव्हा तो पाव कसातरी करून चालत नाही. गावात शंभर काठवटी असतील, पण पाद्रीबाबा माझ्यातला पाव बघून मान डोलवायचे. हे मी सांगायला नको, पण सांगते.

माझ्यात मळायला दोघी लागतात, एक या टोकाला, एक त्या टोकाला. पार्थेनाच्या समोर शेजारची कलिओपी बसायची. तिचा नवरा डोंगरात लढायला गेला आणि परत आला नाही. तेव्हापासून कलिओपीचं देवाशी बोलणं बंद. चर्चची पायरी ती चढली नाही, पण दर शनिवारी बाह्या वर करून हजर. पार्थेना तिला म्हणायची, "तू त्याच्याशी बोलू नकोस, बाई. तू मळ. बोलायचं ते मी बोलते."

पार्थेनाचा नियम एकच होता. भांडून आलेल्या हाताने काठवटीला शिवायचं नाही. जावेशी वाजलं की आधी रस्ता ओलांडून समेट करून यायची. जाताना तोंडाने शिव्या चालू असायच्या, येताना ओंजळीत जावेने दिलेली अंडी.

गुडघे गेले तेव्हा पार्थेनाने मला नातीला, सिमेलाला दिलं. सिमेला तेव्हा थेसालोनिकीला पुढचं शिकायला निघाली होती. पोरीने पहिली पदवी घेतली, मग दुसरी घेतली, आणि तरी शिकणं संपेना. नदीच्या मुखाशी साठणाऱ्या गाळाचा अभ्यास करायची. चिखलाचाही अभ्यास असतो हे मला त्या घरात कळलं. तिसऱ्या मजल्यावरचं घर, भिंतींना ओल, आणि मी फ्रिजवर. माझ्या शेजारी गाळाच्या बाटल्या ओळीने.

पोर गुणी होती. बुधवारी-शुक्रवारी उपास धरून मसुराचं सूप प्यायची, शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये गायची, मंगळवारी नाचाच्या मंडळात लाझारोसचा लिरा वाजवायची. गाणं बरं होतं. लिऱ्याबद्दल मी बोलत नाही. लाझारोस माझा कर्ता, त्याचा मान ठेवते.

त्या घरात दुसरी मुलगी होती दानाई. नाउसा गावची, गुरांची डॉक्टर व्हायला निघालेली, देवबिव काही न मानणारी. तोंड असं की मला आवडलं. एकदा खमिराची बरणी उचलून म्हणाली, "सिमे, एका बाटलीत गाळ, दुसरीत खमीर. एक दिवस तू गाळाचा पाव देवाला पाठवशील आणि तो बिचारा सभ्यपणाने खाईल."

"तुझ्या हातचं सूप पितो आपण. त्याला पण सवय होईल."

असं चालायचं. उपासाच्या दिवसांत दानाईच बिनतेलाचं रांधायची आणि रांधताना सगळ्या संतांचा उद्धार करायची. एकदा गोठ्यात मदतीला कुणी नव्हतं म्हणून सिमेलाला घेऊन गेली. वासरू बाहेर आलं तशी सिमेलाने छातीवर क्रूस केला. दानाई ओरडली म्हणे, "देवाचे आभार मागाहून मान, आधी दोरी धर." घरी येऊन दोघी इतक्या हसल्या की माझ्या शेजारची बाटली कलंडली.

दानाईची आई लेमोनिया दर शुक्रवारी नाउसाच्या बसने खोकं पाठवायची. कोबीचे रोल, चीज, लोकरीचे मोजे, सगळं दोन-दोन. फोन केला की सिमेलाला मागून घ्यायची. "बाळ, रविवारी माझं नाव दे हं. आमच्या कन्येला सांगून उपयोग नाही, ती गाईचं नाव देईल."

मित्रांनो, ही लेमोनिया ईस्टरच्या आधीच्या उपासात गेली. सकाळी कपडे वाळत घालताना गेली, कुणाला हाकही मारली नाही. दानाई माती देऊन परतली ती काळ्या कपड्यांत. असले कपडे मी कधी घालणार नाही, असं पूर्वी म्हणायची. दवाखान्यात जायची, यायची, पलंगावर बूट घालूनच पडायची.

चाळीसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला पाव लागतो. सिमेला म्हणाली, "पाव मी करते." आणि खरंच जीव ओतला. तीन दिवस उपास केला, ओटा घासला, दिवा लावला, खमिरावर चर्चमधली तुळस ठेवली. शनिवारी दुपारी मला टेबलावर घेतलं, पीठ चाळलं, पाणी घातलं, हात घातले, ओठ हलायला लागले. तेवढ्यात दानाई दवाखान्यातून आली. दारात उभी राहिली. मग अंगातलं जाकीट काढलं आणि बाह्या वर सारल्या.

"सरक. मी पण मळते."

"नको गं. तू बस. दमली असशील."

"नाही दमले."

"हे प्रार्थना म्हणत मळावं लागतं, दानाई."

"तू म्हण. मी मळते."

सिमेलाने हात थांबवले. तिच्या मनात वाईट नव्हतं, हे मी सांगते. पण चांगल्या मनाने माणूस जे करतं ते दुष्टालाही सुचत नाही. म्हणाली, "तू मानत नाहीस ना यातलं काही. मला यात कुठे काही कमी राहायला नको आहे. तुझ्या आईचं आहे."

दानाईने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. पुढून मागून पाहिले. मग एकेक बाही खाली घेतली, बटण लावलं.

"आईचं आहे म्हणूनच म्हटलं," ती म्हणाली आणि खोलीत गेली.

सिमेलाने दाराकडे पाहिलं. मग खाली पाहिलं आणि मळायला लागली. माझं पलीकडचं टोक रिकामं होतं. मी वाट पाहिली की हे पीठ बसेल. रागारुसव्याचं पीठ फुगत नाही असं बायका सांगतात. खोटं आहे. असं फुगलं की पार्थेनाचंही कधी फुगलं नसेल. ठसा उमटला तो अक्षरन् अक्षर.

प्रार्थनेला दानाई चर्चच्या अंगणातच उभी राहिली म्हणे. नंतर शिजवलेले साखरेचे गहू सगळ्यांना वाटले, आणि सिमेलापाशी येऊन म्हणाली, "पाव खूप सुरेख झाला. थँक्यू." बेकरीवाल्याला म्हणावं तसं. महिन्याभरात दवाखान्याजवळ खोली घेऊन ती गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. आपली अर्धी ताटं मोजून घेतली, उरलेली धुऊन ठेवली.

सिमेलाने पार्थेनाला फोनवर सगळं सांगितलं. पार्थेना बहिरी झाली होती, त्यामुळे ओरडून बोलायची आणि मलाही ऐकू यायचं.

"तुला हे कुणी शिकवलं, गं?"

"तूच ना, आजी. म्हणायचीस, स्वच्छ हातांनी."

"मी स्वच्छ म्हटलं. पाणी आणि साबण. मनं तपासायला मी कोण, कस्टमचा शिपाई? जा तिच्याकडे. समेट कर. तोवर माझ्या काठवटीला शिवायचं नाही."

पोरीने आजीचं अर्धंच ऐकलं. मला शिवली नाही. आणि दानाईकडे? आज नदीवर जायचंय, उद्या प्राध्यापकांना भेटायचंय, पुढच्या आठवड्यात नक्की. संदेश पाठवायची, उत्तरं यायची. छान, तू कशी आहेस, काळजी घे. बाजारात भेटलेल्या बाईला देतात तसली उत्तरं. माझ्यात आधी कागद आले, मग मोजे, मग गाळाच्या बाटल्या. लाकडाला मळणं नसलं की ते सुकतं. कडेपासून आतपर्यंत मला चीर गेली, टर्रकन आवाज झाला, सिमेलाने मानही वर केली नाही.

पानगळीत पार्थेना गेली. तिच्या चाळीसाव्याचा पाव बेकरीतून आला. सिमेलाची मला हात लावायची हिंमत झाली नाही. ज्या बाईने उभा जन्म पाव मळला तिच्या नावाचा कण विकतच्या पावातून निघाला. हे मी गिळलं, पण पचलं नाही.

मग वसंतात लेमोनियाला वर्ष होत आलं. दानाई तोवर नाउसाला वडिलांकडे राहायला गेली होती. सिमेलाने मला तेल चोळलं, ब्लँकेटमध्ये गुंडाळलं आणि बसमध्ये शेजारच्या खुर्चीवर बसवलं. दोन तिकिटं काढली की काय, मला ठाऊक नाही; लोक बघत होते खरे.

दानाईने दार उघडलं. "अगं, सिमेला. ये ना, बस."

तिला बैठकीत बसवलं. पूर्वी ही मुलगी आली की थेट स्वयंपाकघरात, ओट्यावर चढून बसायची. आता तबक आलं. कॉफी, पाण्याचा ग्लास, बशीत चमचाभर चेरीचा मुरंबा. विकतचा.

"काठवट आणलीये," सिमेला म्हणाली. "वर्षाचा पाव दोघी मिळून मळू. मला प्रार्थनासुद्धा म्हणायची नाहीये. तू म्हणशील तसं."

"बाबांनी बेकरीत सांगून ठेवलाय."

"नको म्हणून सांग."

"कशाला? बिचाऱ्याने पीठ भिजवलं असेल." दानाईने बशीतला चमचा सरळ केला. मग म्हणाली, "सिमे, त्या दिवशी नुसतं 'हात धुऊन ये' म्हणाली असतीस ना, तर आले असते मी. कोपरापर्यंत धुतले असते."

सिमेलाने हातातला ग्लास तबकात ठेवला. म्हणाली, "मला माफ कर."

"केलंय गं. केव्हाच केलंय."

"मग?"

"मग काही नाही. कॉफी घे, गार होतेय."

बसची वेळ झाली तेव्हा दानाई म्हणाली, "एकटीला जड होईल तुला." तिने माझं एक टोक धरलं, सिमेलाने दुसरं. पीचच्या बागा फुललेल्या होत्या, रस्ताभर पाकळ्या माझ्यात पडत होत्या. दोघींपैकी कुणी काढल्या नाहीत. शेवटी चार हात मला लागले, मित्रांनो, ते मळायला नाही, परत पाठवायला.

आता मी म्हातारी तुम्हाला दोन गोष्टी सांगते. काठवटीला साबण लावू नका, तेल लावा, आणि रिकामी ठेवू नका. आणि कुणी बाह्या सारून तुमच्या दारात उभं राहिलं, तर त्याचा देव विचारू नका, सरकून जागा द्या. बिघडलेलं पीठ दुसऱ्या दिवशी नव्याने मळता येतं. दारातून मागे फिरलेलं माणूस पुन्हा भेटतं, नाही असं नाही. पण मग ते तुम्हाला बैठकीत बसवतं.