ऑर्व्हिलची दहा फुटांची टेकडी

नॉर्थ डकोटाच्या पूर्वेचा मुलूख पोळपाटासारखा सपाट. त्यात ऑर्व्हिल स्टेनरूडकडे टेकडी होती. चांगली दहा फूट उंच! कधीकाळी इथे मोठं सरोवर होतं, त्याचा हा रेती-गोट्यांचा जुना काठ. आता दहा फुटांवर राहणाऱ्या माणसाला मिजास चढणारच. शेजाऱ्यांना तो "तुम्ही खालचे लोक" म्हणायचा, तेही हनुवटी वर करून.

एप्रिलात बर्फ वितळून नदी शेतांत शिरली की खालचे लोक गाई-ट्रॅक्टर घेऊन टेकडीवर यायचे. येताना ओव्हनमधून काढलेली बटाटे-खिम्याची हॉटडिश आणायची, हा रिवाज. ऑर्व्हिल फाटकात उभा राहून जागा वाटायचा.

"लाव्हॉन, तू तिसऱ्या खांबाशी. आणि यंदा मीठ घातलंयस ना गं?"

लाव्हॉन हौगेन रस्त्यापलीकडे राहायची. सत्तरीची विधवा. राग गिळून हसायची बिचारी. गाई वाचवायच्या तर दुसरं काय करणार?

टेकडीची खडी रस्त्याला फार चांगली. दर उन्हाळ्यात गावाचे ट्रक यायचे आणि आपले डोंगराधिपती थोडी थोडी टेकडी विकायचे. "एवढ्याशानं काय होतंय?" असं वीस उन्हाळे चाललं. घराखालचा तुकडा तेवढा शाबूत राहिला, आणि तेवढ्याच्याच जोरावर ऑर्व्हिलची मान ताठ होती.

यंदा नदी आली. ऑर्व्हिल सकाळीच नवं जाकीट घालून फाटकात उभा. आठ वाजले, नऊ वाजले. कुणी फिरकेना! मग समोर बघतो तर सगळ्यांची जनावरं गावरस्त्यावर उभी. वीस उन्हाळ्यांची खडी खाऊन रस्ता असा उंच झाला होता की बघत राहावं.

"अरे, तिकडे कुठे?" तो ओरडला. "टेकडी इथे आहे!"

तेवढ्यात मागून गाई हंबरल्या. तो धावला. तीस गाई गुडघाभर पाण्यात, आणि नऊ कोवळी वासरं पोटापर्यंत.

"आर्लिस! अगं, पाणी वर चढलंय!"

"पाणी नेहमीएवढंच आहे," बायको दारातून म्हणाली. "टेकडी उतरलीय. वीस वर्षं खिडकीतून बघतेय मी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तू म्हणालास, तुला काय कळतंय." तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं गरम भांडं होतं. पहाटेच ओव्हनमध्ये टाकलं होतं तिनं. "चल, वासरं हाक."

रस्त्याच्या तोंडाशी लाव्हॉन काठी टेकून उभी होती. तिला बघून ऑर्व्हिलला हनुवटी कुठे ठेवावी ते कळेना.

"लाव्हॉन... जागा आहे का गं? वासरं बुडतील माझी."

"तिसऱ्या खांबाशी," रस्त्याकडेच्या विजेच्या खांबांकडे काठी दाखवत ती म्हणाली.

गाईंमागून आठ वासरं एकेक करून खडीवर चढली. करडे, तांबूस गोटे. ऑर्व्हिलला एकेक ओळखू येत होता. आजोबांनी याच गोट्यांवर घर बांधलं होतं.

लाव्हॉननं आर्लिसच्या हातातल्या भांड्याचं झाकण उघडलं, चमचाभर चाखलं. ऑर्व्हिल मान खाली घालून उभा राहिला. आता टोमणा येणार, जन्माचं उट्टं निघणार!

"मीठ बरोबर आहे," ती म्हणाली. "ते शेवटचं वासरू उचलून घे. गारठलंय."

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तो वासरासाठी पुन्हा पाण्यात उतरला.